सव्वीस पानांची समता

विषमतेवरचं पुस्तक दोनशे पानांत आटोपलं तर विद्वानांना ते उथळ वाटतं आणि सातशे पानांवर गेलं तर वाचकांना ते खोल वाटतं. दोन्हीकडची मंडळी त्यात उतरत नाहीत, ही गोष्ट वेगळी. पण तेवढ्यात पुस्तक खपतं, लेखक जगभर व्याख्यानं देत फिरतो आणि आपल्या हॉलमधल्या शोकेसला वजन येतं. पूर्वी त्या शोकेसमध्ये ताजमहालाची प्रतिकृती आणि शाळेतल्या कॅरम स्पर्धेचा कप असे. आता व्हिडिओ कॉलवर डाव्या खांद्यामागे जाडजूड पुस्तकाचा कणा दिसावा लागतो. मालकाने ते वाचलंय की नाही, हा प्रश्न गौण आहे. ताजमहालात तरी कोण राहायला गेलं होतं?

या घराण्यातलं सर्वांत गाजलेलं पुस्तक म्हणजे फ्रेंच अर्थतज्ज्ञ थॉमस पिकेटी यांचं ‘कॅपिटल इन द ट्वेंटी-फर्स्ट सेंच्युरी’. मूळ फ्रेंच २०१३ सालचं, इंग्रजी २०१४ सालचं, पानं सातशेच्या घरात. शतकाशतकांच्या करनोंदी आणि वारसाहक्काचे कागद चाळून त्यांनी जे मांडलं त्याचा गाभा असा, की मालमत्तेवरचा परतावा देशाच्या वाढीच्या वेगापेक्षा जास्त राहिला, तर ज्यांच्याकडे आधीपासून आहे त्यांच्याकडेच साठत जातं. हेच सूत्र मुंबईत ‘त्याचं काय, त्याच्या आजोबांनी पार्ल्यात जागा घेऊन ठेवली होती’ एवढ्या शब्दांत सांगतात. पिकेटींना सातशे पानं लागली, कारण फ्रान्समध्ये पार्ले नाही.

२०१४ मध्येच जॉर्डन एलेनबर्ग या अमेरिकन गणितज्ञाने ‘वॉल स्ट्रीट जर्नल’मध्ये एक खोडी काढली. किंडलवर वाचक ज्या ओळी अधोरेखित करतात, त्यांतल्या सर्वांत लोकप्रिय पाच ओळी पुस्तकात कुठवर पसरल्यात हे पाहून त्याने लोक कुठवर वाचतात याचा अदमास बांधला. घरोघरी असलेलं आणि घरोघरी न वाचलेलं पुस्तक म्हणून स्टीफन हॉकिंग यांच्या पुस्तकाची ख्याती. तेव्हा या मापाला त्याने हॉकिंग निर्देशांक म्हटलं. ही गंमत आहे, शास्त्र नव्हे, असं त्याने स्वतःच बजावलं होतं. तरी निकाल बोलका होता. हॉकिंग ६.६ टक्के, पिकेटी २.४ टक्के. पिकेटींच्या त्या पाच ओळींपैकी शेवटची २६व्या पानावर होती. विश्वाची उत्पत्ती समजून घ्यायला माणसं जेवढा दम धरतात, त्याच्या निम्मासुद्धा दुसऱ्याची संपत्ती समजून घ्यायला धरत नाहीत. एरवी हा विषय त्यांना तोंडपाठ असतो.

फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर या पुस्तकाची जुनी प्रत हाताळली, तेव्हा एलेनबर्गच्या शास्त्राला आपल्याकडूनही पुरावा मिळाला. पहिल्या काही पानांवर पिवळ्या हायलायटरने एकही ओळ सुटली नव्हती; जिथे सगळंच महत्त्वाचं, तिथे काय महत्त्वाचं ते कळायची सोय नाही, ही एक प्रकारची समताच म्हणायची. समासात पेन्सिलीने ‘!!’, मग ‘बघा’, मग ‘भारत?’, आणि विसाव्या पानाच्या आसपास ‘ग्राफ नंतर’. तिसाव्या पानापाशी मुंबई-दिल्ली विमानाच्या बोर्डिंग पासचा तुकडा होता. विमान उतरलं तिथेच वाचनही उतरलं होतं. पुढची पानं इतकी कोरी करकरीत, की विक्रेत्याने ‘एकदम नवीन आहे, साहेब’ म्हणून जो भाव सांगितला तो साडेसहाशे पानांपुरता तरी खरा होता.

वाईट याचं वाटतं की खरी मजा पुढे आहे. दोनशे पानं ओलांडल्यावर पिकेटी बाल्झाकच्या ‘पेर गोरिओ’ या कादंबरीतला प्रसंग काढतात. व्होत्रँ नावाचा बेरकी गृहस्थ कायद्याच्या एका होतकरू विद्यार्थ्याला हिशोब मांडून दाखवतो, की बाबा रे, रात्रीचा दिवस करून मोठा वकील झालास तरी आयुष्यभरात मिळवशील त्याहून जास्त, एखाद्या गडगंज वारसदारणीशी लग्न केलंस तर बसल्याजागी मिळेल. पॅरिसला हे अर्थशास्त्र शिकवायला एक थोर कादंबरीकार लागला. आपल्याकडे रविवारच्या पेपरातली ‘मुलाचे स्वतःचे घर हवे, शक्यतो पश्चिम उपनगरात’ ही जाहिरात तेच काम शब्दाच्या दराने करते.

विद्यापीठीय पुस्तकाची बांधणीही ठरलेली असते. नाव दोन मजली. वरच्या मजल्यावर कविता, मग दोन टिंबं, खालच्या मजल्यावर सातबारा. समजा, ‘ओलसर भिंतींचं गाणं: उत्तर मुंबईतील मलनिःसारण, नागरिकत्व आणि राज्यसंस्था, १९९१–२०११’. वाचक गाण्याच्या आशेने आत शिरतो आणि मलनिःसारणात अडकतो.

त्यानंतर ऋणनिर्देश. तो कधी वगळू नये, कारण पुस्तकातलं सर्वांत प्रामाणिक समाजशास्त्र तिथेच असतं. गरिबीचा पहिला खर्डा कुठल्या हवेत झाला ते तिथे कळतं. इटलीत कोमो तळ्याकाठी बेलाजिओ इथे रॉकफेलर फाउंडेशनचं केंद्र आहे. निवडक अभ्यासक काही आठवडे तिथे राहून लिहितात. राहणं, जेवण आणि खिडकीतून तळं. दारिद्र्याकडे नीट पाहायला थोडं अंतर लागतं म्हणतात, ते साधारण एवढं.

प्रस्तावनेबाबत मात्र तिकडच्या विद्वानांकडून शिकावं. आपल्याकडे प्रस्तावनाकार पुस्तक न वाचता स्तुती करतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ १९२३ साली लंडनला निघालं, तेव्हा त्यांचे गुरू एडविन कॅनन यांनी प्रस्तावनेत सरळ लिहिलं की लेखकाचे बरेचसे युक्तिवाद मला पटत नाहीत, पण जिथे ते चुकलेत असं वाटलं तिथेही त्यांच्या विचारांतला ताजेपणा मला भावला. शिष्याने ती प्रस्तावना तशीच छापली. आज एखाद्या प्रस्तावनाकाराने असं लिहून पाहावं. प्रकाशन समारंभाच्या पत्रिकेतून त्याचं नाव रातोरात गळेल आणि शाल दुसऱ्याच्या खांद्यावर जाईल.

मग येतात आलेख, आणि वाचकांची फाळणी होते. खरं म्हणजे विषमतेचा मूळ आलेख अगदी साधा आहे. मॅक्स लॉरेन्झ या अमेरिकन माणसाने तो १९०५ साली काढला. सगळ्यांचं उत्पन्न सारखं असेल तर रेषा कोपऱ्यातून कोपऱ्यात ताठ जाते. प्रत्यक्षातली वाटणी तिच्याखाली, ओल्या चादरी वाळत घातलेल्या दोरीसारखी, पोटात झुकलेली असते. झोळ जेवढा मोठा तेवढी विषमता जास्त. हा झोळ मोजायचं माप कोर्राडो जिनी या इटालियन संख्याशास्त्रज्ञाने १९१२ साली दिलं. शून्य म्हणजे सगळ्यांना सारखं, एक म्हणजे सगळं एकट्याला. गंमत अशी की जगभरचे समतावादी ज्याची मोजपट्टी वापरतात तो हा गृहस्थ मुसोलिनीच्या राजवटीचा पाठीराखा होता आणि १९२७ साली त्याने फॅसिझमचा शास्त्रीय पाया सांगणारा लेखही लिहिला होता. मोजपट्टी करणाऱ्याला सरळ चालता आलंच पाहिजे असं नाही.

अर्थतज्ज्ञ सायमन कुझनेट्स यांची गोष्ट याच्या उलटी. देशाचा विकास होताना विषमता आधी वाढते आणि पुढे घटू लागते, असं त्यांनी १९५५ साली मांडलं. सोबत हेही लिहून ठेवलं की यात माहिती पाच टक्के आणि अटकळ पंच्याण्णव टक्के आहे, आणि त्या अटकळीतही ‘असं झालं तर बरं’ या इच्छेची थोडी भेसळ असेल. एवढा सच्चेपणा अर्थशास्त्रात क्वचित. पण नंतरच्या पिढ्यांनी पंच्याण्णव टक्के अटकळ जशीच्या तशी उचलली आणि ती कबुली तेवढी पेपरातच ठेवली. ‘थोडं थांबा, आपोआप खाली झिरपेल’ असं सांगणाऱ्यांना शेवटची पानं वाचायला सवड नसते.

आमच्या पुण्याने मात्र हा विषय कसा लिहावा ते दाखवून दिलंय. गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली ‘पॉव्हर्टी इन इंडिया’ लिहिलं. नावात कविता नाही, दोन टिंबं नाहीत. माणसाला रोज २,२५० उष्मांक लागतात. तेवढं अन्न आणि बाकीच्या गरजा भागवायला १९६०-६१च्या भावाने खेड्यात महिन्याला माणशी १५ रुपये, शहरात साडेबावीस. एवढंही ज्याला मिळत नाही तो गरीब, आणि असे लोक खेड्यांत ४० टक्के आणि शहरांत ५० टक्के. बाराखडी येणाऱ्याला कळेल असा हिशोब. बहुधा म्हणूनच तो व्हिडिओ कॉलच्या शोकेसमध्ये फारसा दिसत नाही.

शहरांवरच्या पुस्तकांत वाचकाला वेगळी सोय असते. शहर दुसऱ्याचं असतं. गिरणीमालकाचा मुलगा असलेल्या फ्रेडरिक एंगल्सने १८४५ साली मँचेस्टरबद्दल लिहिलं, की मोठ्या रस्त्यांच्या दोन्ही अंगांना दुकानांच्या रांगा अशा लावल्यात की उपनगरातून बाजारात ये-जा करणाऱ्या शेठजींना मागची कामगारवस्ती दिसतच नाही. वाचताना आपण चुकचुकतो. काय ते भांडवलदार! डिसेंबर २०२२ मध्ये जी-२०च्या पाहुण्यांसाठी मुंबईत रस्त्याकडेच्या झोपड्यांपुढे पडदे लागले. मँचेस्टरला जे साधायला अख्खी दुकानं बांधावी लागली ते आपण कापडात भागवलं. भारतीय काटकसरीवर एखाद्या विद्यापीठाने प्रबंध करवून घ्यायला हरकत नाही.

चार्ल्स बूथ या जहाजमालकाने तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पदरमोड करून लंडनच्या गल्ल्या रंगवल्या. नकाशात श्रीमंतांच्या रस्त्यांना पिवळा रंग, बऱ्या घरांना लाल, गुलाबी, मग जांभळा, निळ्याच्या दोन छटा आणि सर्वांत खालच्या थराला काळा. काळ्या रंगापुढच्या टिपेत दारिद्र्याबरोबर त्या माणसांच्या चारित्र्याचाही निकाल लावलेला आहे. पिवळ्या रंगापुढे चारित्र्याचा उल्लेखच नाही. लंडनमधली ३०.७ टक्के माणसं गरिबीत आहेत असा त्याचा हिशोब निघाला. असा नकाशा कुणाच्याही हातात द्या, माणूस आधी स्वतःची गल्ली शोधतो, मग मेहुण्याची. आकडा तिसऱ्या क्रमांकावर येतो.

१९६१ साली जेन जेकब्ज यांनी अमेरिकन शहरांवरच्या आपल्या पुस्तकात सांगितलं की रस्ता सुरक्षित राहतो तो पोलिसांमुळे कमी आणि खिडकीतून, दुकानातून, ओट्यावरून पाहणाऱ्या डोळ्यांमुळे जास्त. त्यांच्या न्यूयॉर्कच्या गल्लीत लोक घराच्या किल्ल्या कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडे ठेवत. हे वाचून गिरगावचा किंवा सदाशिव पेठेचा माणूस गहिवरतो. ‘आमच्या चाळीत हेच होतं हो!’ होतंच. डोळे होते, कान होते आणि संध्याकाळपर्यंत वृत्तांतही घरी पोचत होता. मात्र हा गहिवर व्यक्त होतो तो चौदाव्या मजल्यावरून, जिथे शेजारच्या दाराआड कोण राहतं ते ठाऊक नसतं आणि दूधवाला आत सोडायचा की नाही हे फोनवरचं अ‍ॅप विचारतं. जेकब्जचे डोळे आता सीसीटीव्हीला दिलेत, आणि तो गेले काही महिने दुरुस्तीला गेलाय.

एवढं दुसऱ्यांचं वाचून झाल्यावर कधीतरी आपलं पान येतं. मार्च २०२४ मध्ये पिकेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारताच्या गेल्या शंभर वर्षांच्या उत्पन्न आणि संपत्तीचा हिशोब मांडला. वरच्या एक टक्क्याकडे २०२२-२३ मध्ये देशाच्या उत्पन्नाचा २२.६ टक्के आणि संपत्तीचा ४०.१ टक्के वाटा. इथवर वाचक खूश असतो. मलबार हिलकडे बोट दाखवून तो ‘बघा, बघा’ म्हणतो. पण खाली तक्ता असतो. प्रौढ माणसामागे वर्षाला सुमारे तीन लाख, म्हणजे महिन्याला पंचवीस हजारांच्या आसपास मिळवणारा या देशात वरच्या दहा टक्क्यांत जातो. खालच्या अर्ध्या लोकसंख्येचं सरासरी उत्पन्न वर्षाला ७१ हजार. आणि वीस लाखांच्या थोडं पुढे गेलात की तुम्ही त्या प्रसिद्ध एक टक्क्यात, ज्याच्याविरुद्ध आत्ताच बोट दाखवत होतात.

या तक्त्यापाशी वाचकाची जी धांदल उडते ती पाहण्याजोगी असते. ‘यात ईएमआय धरलेला नाही.’ ‘मुलीची इंजिनिअरिंगची फी वजा करा, मग बोला.’ ‘हे सगळे आकडे खेड्यातल्या लोकांमुळे बिघडतात.’ दोन गाड्या, एक फ्लॅट राहायला, एक गुंतवणुकीला आणि कर्जतला बारा गुंठे असलेला माणूस शपथेवर सांगतो की आपण साधी मध्यमवर्गीय माणसं. त्याच्या हिशोबात श्रीमंत तो, ज्याच्याकडे तेरावा गुंठा आहे. विषमतेच्या पुस्तकातलं प्रत्येक पान माणूस मान वर करून वाचतो, कारण खाली पाहिलं तर पायऱ्या दिसतात आणि आपण कितव्या पायरीवर आहोत ते मोजावं लागतं.

या सगळ्या विद्येची तोंडी परीक्षा होते सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत. महाराष्ट्रात न्यायाची दोन तत्त्वज्ञानं शेजारीशेजारी नांदतात हे फार थोड्या अर्थशास्त्र्यांना ठाऊक असेल. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे सेवाशुल्क सगळ्या सदनिकांना समान, पाण्याचा आकार नळांच्या संख्येवर आणि मापावर, सिंकिंग फंड वर्षाला बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का आणि लिफ्टचा खर्च सगळ्यांना समान, वापरा अथवा वापरू नका. भिंतीपलीकडे १९७०च्या अपार्टमेंट कायद्याखालचं कंडोमिनियम असेल, तर तिथे तोच खर्च मालकीच्या हिश्शाप्रमाणे, म्हणजे मोठ्या घराला जास्त. परदेशात यावर चर्चासत्रं झडतात, आपल्याकडे उपनिबंधक तारीख देतात.

आमच्या सभेत वन बीएचकेवाल्यांनी ठराव मांडला, की मेन्टेनन्स चौरस फुटावर घ्या. वरच्या मजल्यावरचे सर उठले. सर अर्थशास्त्राचे, घर थ्री बीएचके, पिकेटी संपूर्ण वाचलेले. जगभरच्या धनाढ्यांवर चढत्या दराने जागतिक कर हवा, ही पिकेटींची सूचना सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्यांनीच आम्हाला समजावली होती. अर्थतज्ज्ञ निकोलस काल्डर यांच्या सल्ल्यावरून १९५७ साली आलेला आपला संपत्ती कर २०१५ च्या अर्थसंकल्पात रद्द झाला, याचं दुःख ते आजही बोलून दाखवतात.

‘घर मोठं असलं म्हणून वॉचमन काय आमच्यासाठी जास्त जागतो का?’ सरांनी विचारलं. ‘सेवा समान, तर शुल्क समान.’

तळमजल्यावरच्या आजींनी चष्मा वर केला. ‘मग लिफ्टचे पैसे मी का द्यायचे? मी शेवटची लिफ्टमध्ये चढले ती तुमच्या वास्तुशांतीला.’

‘आजी, तसं नसतं. ही सामूहिक जबाबदारी असते.’

‘हो का? मग मघाशी चौरस फुटाच्या वेळी ती कुठे गेली होती?’

पुढचे दोन तास उपविधी, वकिलांचा सल्ला, पलीकडच्या सोसायटीत काय चालतं आणि २०११ साली काय ठरलं होतं यांत गेले. टू बीएचकेवाले दोन्हीकडे माना डोलवत होते, कारण दोन्ही हिशोबांत त्यांचा फरक दीडशे रुपयांचा होता. अखेर उपसमिती नेमली. तिने अभ्यास करून अहवाल द्यायचा, म्हणजे आणखी एक न वाचलं जाणारं दस्तऐवजी लेखन तयार होईल याची तजवीज झाली.

मग सेक्रेटरींनी ऐनवेळचा विषय घेतला. घरकामाला येणाऱ्या बायका आणि डिलिव्हरीवाल्या मुलांनी पुढची लिफ्ट न वापरता मागची, सामानाची लिफ्ट वापरावी. सूचक मिळाले, अनुमोदक मिळाले, हात मोजायची वेळच आली नाही. वन, टू आणि थ्री बीएचके एका सुरात. त्या एका मिनिटापुरती सभागृहात लॉरेन्झची दोरी अगदी ताठ होती. ‘कुणाचा विरोध?’ असं सेक्रेटरींनी विचारलं, तेव्हा आम्ही वाचणारी मंडळी चहा आला का ते पाहत होतो.

सभा संपल्यावर सर पुढच्या लिफ्टमध्ये भेटले. उपसमितीवर मला घेतलंय म्हणून असेल, आपुलकीने म्हणाले, ‘पिकेटींचं पुढचं पुस्तक जरूर वाच. ‘कॅपिटल अँड आयडिऑलॉजी’, हजारावर पानं आहेत. प्रत्येक समाज आपली विषमता न्याय्य कशी ठरवत आला, त्याचा इतिहास आहे सगळा.’

मी म्हटलं, ‘वाचतो ना सर. आधी आजच्या सभेचं इतिवृत्त लिहून होऊ दे.’